आमच्याकडचे पक्षी कमी झाले की वाढले? दौंड-इंदापूर-सोलापूर पट्ट्याबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दौंडजवळच्या एका गावातल्या तरुणाने विचारलंय की वडील सांगतात त्यांच्या लहानपणी गावाबाहेर गिधाडं उतरायची, माळावर पखुर्ड्या असायच्या, घरात चिमण्या असायच्या, आता काहीच राहिलं नाही. पण मला तर उलट दिसतंय, मोर शेतात येतात, भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) येतात, घरामागच्या वडावर धनेश (हॉर्नबिल) बसतो. मग खरं कोणाचं? आणि वडिलांकडे जुन्या डायऱ्या आहेत ज्यात ते दिसलेले पक्षी लिहून ठेवायचे, त्यांचा आता काही उपयोग होईल का?

दोघांचंही खरं आहे, आणि हे मी कोणाचं मन राखायला म्हणत नाहीये. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून मी पुणे, दौंड, इंदापूर, सोलापूर या पट्ट्यात पक्षी मोजत आलेय, कॉलेजात शिकवत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी आणि आता रिटायर झाल्यावर जमेल तेव्हा. यातून मला कळलंय ते हे की सगळे पक्षी मिळून वाढले किंवा सगळे मिळून कमी झाले असं कधी होतच नाही. प्रत्येक जातीचं वेगळं चालू असतं आणि ते बहुतेक वेळा आपण जमिनीचं आणि पाण्याचं काय केलं त्याच्या मागोमाग जातं. ज्या पक्ष्याला पाणी, झाडं आणि माणसाची सोबत चालते तो आपल्याकडे वाढलाय. ज्याला कोरडा उघडा गवताळ माळ लागतो तो गेलाय नाहीतर जायच्या वाटेवर आहे. आणि वाढलेला पक्षी तुमच्या गच्चीवर येऊन ओरडतो, गेलेला पक्षी जिथून गेला त्या माळावर बघायला कोणी जात नाही, म्हणून तुमच्या पिढीला सगळं छान वाटतं.

तुम्ही भिगवणचं नाव घेतलंत म्हणून उजनीपासूनच सुरू करते, कारण आपल्या भागात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे झालं ते या एका धरणात जवळजवळ पूर्ण दिसतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. त्याआधी भिगवण, कुंभारगाव या बाजूला नदी होती आणि काठाने शेती होती, एवढा मोठा उथळ जलाशय नव्हताच, त्यामुळे रोहितांना उतरायला जागाच नव्हती. पाणी अडलं, बॅकवॉटर पसरलं, आणि दरवर्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाणी जसजसं उतरतं तसतसा काठाचा सपाट चिखल उघडा पडायला लागला. या चिखलात अळ्या, किडे, शिंपले, शेवाळ सगळं असतं, आणि लांब पायांच्या पक्ष्यांना नेमकं हेच पाहिजे असतं. रोहित आले, पट्टकदंब हंस आले, मोर शराटींचे मोठे थवे आले, कुरव आणि सुरय आले, जवळच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण व्हायला लागली. म्हणजे तुम्ही जे बघताय ते खरंखुरं वाढलेलं आहे, ते एका धरणाने तयार केलेलं आहे.

आता त्याच धरणाची दुसरी बाजू. कालवे खाली सोलापूर जिल्ह्यात गेले. जिथे ज्वारी, करडई, हुलगा आणि मधेमधे चराऊ माळ असायचा तिथे ऊस उभा राहिला. शेतकऱ्याला मी यात अजिबात दोष देत नाही, दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला पाणी मिळालं तर त्याने ऊस का लावू नये. पण उसात माळढोक, म्हणजे उघड्या माळावर राहणारा तो मोठा जड पक्षी, राहत नाही. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं १९७९ ला आणि धरण पूर्ण झालं त्याच सुमारास, म्हणजे एका हाताने आपण पक्ष्याला कागदावर जागा दिली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या आजूबाजूची जमीन बदलायला घेतली. अभयारण्याचं मूळ क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं, लोकांना घर बांधायला आणि जमीन विकायला अडचणी आल्या, पक्ष्याबद्दल राग तयार झाला, आणि पुढे क्षेत्र बरंच कमी करावं लागलं. त्यात बोअरवेल आल्या, प्लॉटिंग आलं, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, त्याच्या डोळ्यांची ठेवण बाजूला बघायची आहे, एवढा जड पक्षी उडताना शेवटच्या क्षणी वळू शकत नाही आणि तारेला धडकतो. वर्षाला एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. १९६९ मध्ये देशभरात सुमारे १,२६० माळढोक असतील असा अंदाज केला गेला होता, आज जगात सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला. महाराष्ट्रातून तो संपल्यात जमा आहे. सलीम अली यांना हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं, १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला, आणि आज मोर सगळीकडे आहे नि माळढोक नाही.

माळढोकाचं निदान नाव तरी निघतं. मला जास्त लागून राहतं ते पखुर्डीचं, कारण तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. तुमच्या वडिलांनी पखुर्ड्या म्हटलंय म्हणजे त्यांनी नक्की बघितल्यात. तुम्ही बघितली नसेल तर सांगते. उन्हाळ्यात सकाळी आठ-साडेआठला माळावरच्या एखाद्या पाणवठ्यापाशी लांब, झुडपाआड बसायचं. आधी आवाज येतो, कुट्-रो कुट्-रो असा, पक्षी अजून दिसत पण नसतो. मग टोकदार पंखांचा एक थवा एकदम जोरात डोक्यावरून जातो, एक चक्कर मारतो, पाण्यापासून थोडा लांब उतरतो, मान वर करून सगळीकडे बघतो, आणि मग सगळे तुरुतुरु चालत काठावर येतात. घटाघट पितात आणि लगेच उडतात. एखादा नर मात्र मागे राहतो, पाण्यात पोटापर्यंत शिरतो, अंग हलवून पोटाची पिसं भिजवून घेतो आणि मग उडतो. त्या पिसांची रचना अशी असते की ती स्पंजसारखं पाणी धरून ठेवतात, आणि तो ते पाणी लांब माळावर पिल्लांना पाजायला नेतो. पिल्लं त्याच्या पोटाखाली येऊन पिसं चोखतात. अंडी साध्या खळग्यात, उघड्यावर, मातीच्या रंगाची, समोर असली तरी दिसत नाहीत.

या पक्ष्याला फक्त तीन गोष्टी लागतात. विरळ गवताचा माळ, तणाचं बी, आणि सपाट काठाचं थोडं पाणी. आणि या तिन्ही गोष्टी आपल्याकडे एकदमच कमी झाल्या. माळ नांगरला गेला, तणनाशकाने तण गेलं, आणि पाण्याचं तर असं झालं की शेततळी एवढी झाली पण त्यात प्लास्टिकचा कागद टाकलेला, काठ उभा आणि घसरडा. तिथे पखुर्डी उतरू शकत नाही, टिटवीला चिखल मिळत नाही. सरकारी आकड्यात त्या तालुक्यातलं पाणी वाढलेलं दिसेल, माळावरच्या पक्ष्यासाठी ते कमी झालेलं असतं. शेततळ्याला एका बाजूने कागदाविना उतार ठेवणं किंवा शेजारी छोटंसं उथळ डबकं ठेवणं याला फार खर्च नाही, ज्यांना शक्य आहे त्यांनी कृपा करून करावं.

आणि एक गोष्ट मी जाईन तिथे सांगते, लोकांना राग येतो तरी सांगते. माळावर झाडं लावू नका. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नाही. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचा माळ हे स्वतःच एक पूर्ण घर आहे, त्यात डोंबारी, चंडोल, धाविक, माळटिटवी, लावे हे जमिनीवरचे पक्षी राहतात, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतात, लांडगा आणि खोकड तिथेच असतात. पण कागदोपत्री माळ म्हणजे पडीक, त्यामुळे कुठलीही वृक्षारोपणाची मोहीम निघाली की खड्डे घ्यायला तोच सापडतो. ओळीने ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ लागते, चर खणले जातात, आणि चार-पाच वर्षांत तिथे बुलबुल, सातभाई, सूर्यपक्षी यायला लागतात. फोटो काढणारा म्हणतो बघा किती पक्षी वाढले. बुलबुल तर गावातही होता, धाविक गेला तो कुठे जाणार? ज्यांना झाडं लावायचीत त्यांनी गावात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, बांधावर जरूर लावावीत, तिथे ती पाहिजेच आहेत.

गिधाडांचं प्रकरण मात्र पूर्ण वेगळं आहे, त्यात जमिनीचा काही संबंध नव्हता. ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातल्या सर्वात जास्त संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक समजला जायचा. नव्वदच्या दशकात ती पटापट मरायला लागली, भरतपूरच्या केवलादेवमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) विभू प्रकाश यांच्या ते आधी लक्षात आलं, आणि बरीच वर्षं कारणच कळत नव्हतं, कोणी विषाणू म्हणायचं, कोणी कीटकनाशक. २००४ मध्ये नक्की झालं की कारण डायक्लोफिनॅक आहे, म्हणजे आपण गुडघेदुखीला घेतो तेच औषध. जनावर आजारी पडलं की डॉक्टर ते टोचायचे, जनावर तरीही मेलं आणि गावाबाहेर टाकलं तर ते खाऊन गिधाडाची किडनी बंद पडायची, अंगात युरिक ॲसिड साठायचं आणि पक्षी काही दिवसांत मरायचा. मेलेल्या जनावरांपैकी शेकडा एकाहून कमी जनावरांत औषध असलं तरी एवढी घसरण व्हायला पुरेसं होतं, कारण एका जनावरावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात. त्यात हा पक्षी पाचेक वर्षांचा झाल्यावर वीण करतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो, म्हणजे नुकसान भरून काढायची ताकदच नाही. साधारण पंधरा वर्षांत या जातीची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घसरली.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलीच्या एकाच डोसच्या पॅकमध्ये विकायचं बंधन आलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि मेडिकलमध्ये सहज मिळतं, गोठा असलेल्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना तेच द्या म्हणून सांगावं. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला लोकांनी गिधाडांची घरटी सांभाळलीत, नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत, गडचिरोलीत काही आहेत. दौंडला ती तुम्हाला गावाबाहेर पूर्वीसारखी उतरलेली दिसतील असं मात्र मी म्हणणार नाही. आता मेलेलं जनावर उघड्यावर पडतही नाही फारसं, आणि पडलं तर कुत्री खातात.

चिमणीबद्दल थोडक्यात. चिमण्या संपल्या असं सगळे म्हणतात, मोबाईल टॉवरमुळे गेल्या असंही म्हणतात. टॉवरचा ठोस पुरावा नाही. देशपातळीवरच्या माहितीत चिमणी एकूण बऱ्यापैकी टिकून आहे, मुंबई, दिल्ली, बंगळूरसारख्या महानगरांत मात्र ती खरोखर घटलीय. कारणं साधी आहेत. पिल्लांना पहिले काही दिवस दाणा चालत नाही, मऊ अळ्या-किडेच लागतात, आणि काँक्रीटच्या अंगणात अळ्या नाहीत. कौलारू घरात तुळईवर, फोटोमागे, वळचणीला घरटं व्हायचं, आता स्लॅब आणि स्लायडिंगच्या खिडक्या. दौंडच्या बाजारात आणि गावातल्या जुन्या आळीत जाऊन बघा, तुम्हाला चिमण्या भरपूर दिसतील, वडिलांच्या घरातल्या गेल्या कारण घर बदललं.

आता वाढलेल्यांकडे येते. २०२३ मध्ये स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स हा रिपोर्ट आला, तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा विचार केलाय. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा ट्रेंड काढता आला त्यातल्या २०४ घटल्यात, ९८ स्थिर आहेत आणि फक्त ३६ वाढल्यात. तुम्हाला रोज दिसणारे बरेच पक्षी या ३६ मधले आहेत हे लक्षात घ्या. मोर दीडशे टक्क्यांनी वाढलाय, म्हणजे आधी शंभर असतील तर आता अडीचशे. कोकीळ ७५ टक्क्यांनी वाढलीय. कबुतरं तर दुपटीच्या वर गेलीत, धान्य टाकणारी माणसं आणि घरट्याला एसीचे कोनाडे असल्यावर वाढणारच, २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा वाद झाला आपण बघितलाच. मोराला कायद्याचं आणि श्रद्धेचं दोन्हीकडून संरक्षण आहे, कालव्यामुळे उन्हाळ्यातही पाणी आणि लपायला ऊस मिळाला. राखी धनेश पुण्यात सोसायट्यांमधून फिरतो कारण वड-उंबर-पिंपळ मोठे झालेत आणि फळं मिळतात, तुमच्या घरामागचा वड आहे तसा ठेवा, ढोली असलेली जुनी फांदी तर मुळीच तोडू नका. ढोलीशिवाय धनेशाची वीण होत नाही.

आणि याच रिपोर्टमध्ये नीळकंठ, ज्याला नीलपंख किंवा चासही म्हणतात, तो बारा वर्षांत साधारण ३० टक्क्यांनी घटलाय. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हा. अजून तारेवर बसलेला दिसतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नाकतोडे खाणारा पक्षी, फवारणीने नाकतोडे गेले आणि ढोलीची वाळकी झाडं जळणाला गेली. माझ्या मते येत्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या पट्ट्यात सगळ्यात बारकाईने बघायचा पक्षी हाच आहे, कारण अजून तो इतका आहे की मोजता येतो आणि काही करायचं तर वेळ गेलेली नाही.

नदीचंही असंच दोन्हीकडून झालंय. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून खाली येतं, त्यावर शेकाट्या, म्हणजे लांब पायांचे चिखलातले पक्षी, मजेत जगतात, त्यांना तो घाण चिखल चालतो. जलपर्णी पसरली की जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी दिसतात, पण थापट्या, तलवार बदक अशा बदकांना उघडं पाणी लागतं, ती तिथून उठतात. पाषाण तलावावर हे आमच्या डोळ्यांसमोर झालं. आणि वाळूउपसा झाला की नदी सुरयाचं घरटंच जातं, तो वाळूच्या बेटावर अंडी घालतो, बेटच राहिलं नाही तर पाणी असून काय करणार. मुंबईत ठाणे खाडीवर नव्वदच्या दशकापासून लहान रोहितांची संख्या वाढत जाऊन लाखाच्या वर गेली, २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला, चांगलंच आहे, पण त्या वाढीमागे सांडपाण्यावर पोसलेलं निळं-हिरवं शेवाळ आहे असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. रोहित वाढले म्हणून खाडी निरोगी आहे असा अर्थ काढू नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका ठिकाणची संख्या बघून जातीचं काय चाललंय ते सांगणं फार अवघड आहे. उदाहरण देते. पाऊस कमी झाला की गावोगावचे लहान तलाव आटतात आणि सगळी बदकं उजनीसारख्या मोठ्या पाण्यावर गोळा होतात. त्या वर्षी भिगवणचा जानेवारीचा आकडा फुगतो. पुढच्या वर्षी दणकून पाऊस झाला की तीच बदकं शंभर तलावांवर पसरतात आणि भिगवणला कमी दिसतात, लगेच बातमी येते की पाहुणे पक्षी रोडावले. दोन्ही वर्षी बदकं कदाचित तेवढीच असतील. शिवाय पट्टकदंब मंगोलिया-तिबेटकडे वीण करतो, तिथे बिघडलं तर इथे कमी येणार, त्यात आपल्या तलावाचा दोष नाही. म्हणून दोन-चार वर्षांच्या आकड्यांवर मी काही बोलत नाही, निदान दहा-पंधरा वर्षं लागतात.

दुसरा घोळ बघणाऱ्यांचा. पक्ष्यांच्या याद्या टाकायची ईबर्ड ही वेबसाइट आहे, २०१४ मध्ये तिचं भारतासाठीचं पोर्टल आलं, डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले, पक्षी बघणारे कितीतरी पटीने वाढले. माणसं वाढली की दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी वाढतात, पक्षी वाढलेले नसतात. म्हणून नोंदी मोजायच्या नसतात, शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे हे बघायचं असतं. समजा २००५ च्या आसपास तुमच्या तालुक्यातल्या दर शंभर याद्यांपैकी चाळीसमध्ये नीळकंठ होता आणि आता पंचविसात आहे, तर मग काहीतरी झालंय. यासाठी यादी पूर्ण पाहिजे, म्हणजे कावळा, साळुंकी, कबुतर, दिसलेलं सगळं लिहिलेलं. फक्त भारी पक्षी लिहिलेली यादी या कामाला चालत नाही.

आणि दिसला नाही म्हणजे संपला, असंही नसतं. रानपिंगळा या लहान घुबडाचं बघा. १८८४ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती, सगळ्यांनी नामशेष धरला होता. मधल्या काळातला १९१४ चा म्हणून दाखवलेला एक नमुना तर चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. पुढे मेळघाटात आणि तानसालाही सापडला. शंभरहून जास्त वर्षं तो तिथेच होता, बघायला योग्य जागी कोणी गेलं नव्हतं.

जुन्या नोंदींचं मोल इथे कळतं. दख्खनच्या पक्ष्यांची यादी कर्नल सायक्सने १८३२ मध्ये छापली, डेव्हिडसन आणि वेन्डन यांची यादी १८७८ ची आहे. कुठला पक्षी नेहमीचा, कुठला क्वचित, एवढंच त्यात असतं, आकडे नसतात, तरी त्यावरून दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या माळाचा अंदाज येतो. पण त्यानंतर १९६० ते २००० या काळातल्या आपल्या तालुक्यांच्या नोंदी फार थोड्या आहेत, आणि धरणं, बोअरवेल, ऊस, डायक्लोफिनॅक हे सगळं नेमकं याच काळात झालं. तुमच्या वडिलांच्या डायऱ्या जर या काळातल्या असतील तर त्या सोन्याच्या किमतीच्या आहेत, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

काय करायचं ते सांगते. आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा, शाई उडते आणि वाळवी लागते. मग ईबर्डवर जुन्या तारखेच्या याद्या टाकता येतात, तारीख आणि जागा माहीत असली तरी पुरे, किती वेळ बघितलं ते लिहिलेलं असेल तर तेही टाका, नसेल तर अंदाजाने भरू नका. यादी पूर्ण आहे की निवडक ते वडिलांना विचारून प्रामाणिकपणे टिक करा. त्यांनी गावाकडची नावं लिहिली असतील तर त्यांच्यासमोर पुस्तक उघडून चित्रावर बोट ठेवून घ्या, एकच नाव एका गावात एका पक्ष्याला आणि शेजारच्या गावात दुसऱ्याला असतं, टिटवी आणि माळटिटवी तर हमखास एकत्र होतात. मग त्यांनी लिहिलेल्या जागांपैकी दोन निवडा, एक पाण्याची आणि एक माळाची, आणि दर महिन्याला एकदा, शक्यतो सकाळी, त्याच वाटेने, तेवढाच वेळ चालून यादी करा. काही नाही दिसलं तरी यादी टाका, त्या शून्याला फार किंमत आहे. सोबत एक ओळ लिहा, पाणी किती होतं, शेजारचं रान नांगरलं का, नवीन तार ओढली का, कुठलं पीक होतं. पुढे कोणी आकडे बघेल तेव्हा कारण त्या ओळीत सापडेल.

एक काम मात्र लवकर करा. डायरीत जागांची नावं असतील ती अमक्याचा माळ, तमक्याचं टेक, वरची पाझर, अशी असणार, ती गुगल मॅपवर मिळणार नाहीत, आणि आज तिथे ऊस किंवा प्लॉट असतील तर गावातल्या तरुणांनाही सांगता येणार नाहीत. वडिलांना गाडीवर घेऊन एकेका जागी जा, तिथे उभं राहून मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, आणि जमलं तर तलाठ्याकडून नाहीतर सातबाऱ्यावरून गट नंबर काढून डायरीच्या त्याच पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.